रबराच्या पेशंटवाल्या बाई

बाईनं रबराच्या पेशंटले कुलर लावला होता. वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याले कुलरची चेष्टा सुचत नाई, म्हणून मी हासलो नाई. पण कॉलेजातले बाकी सारे हासले. ऑफिसात बाबू लोक घामानं निथळून राह्यले, आन् इकडे एक रबराची बाई चादर पांघरून थंड हवेत झोपली आहे. मोठ्या मॅडमनं, म्हणजे कॉलेजच्या प्राचार्यांनी, बोलावून विचारलं तं बाई म्हणे, "उन्हानं रबर चिरते मॅडम, कंपनीच्या कागदात लिहून आहे." ते खरंच होतं. पण खोलीत आल्यावर शिकणाऱ्या पोट्ट्यायले वेगळंच सांगतलं. म्हणे, "तुम्हाले गरम होते, तं तिले नाई होत?"

बाई नर्सिंग कॉलेजात शिकवे. कॉलेज आमच्याच जिल्ह्यातलं आहे, नाव लिहीत नाई, त्यायचं त्यायच्यापाशी. तिथं एक खोली होती, दवाखान्यासारखी. पलंग, सलाईनचे दांडे, पडदे, सारं खरं. फक्त पलंगावरचे पेशंट रबराचे. त्यायची छाती वरखाली होते, मनगट धरलं तं नाडी लागते. पोट्ट्यायनं आधी यांच्यावर हात बसवायचा, मंग जित्या माणसाले हात लावायचा, अशी त्यात योजना. पण हे सारं भल्लं महाग. म्हणून संस्थेनं बाईले सांगून ठेवलं होतं का पोट्ट्या इथं खरंच शिकतात का ते आम्ही तपासू. नसल्या शिकत तं पेशंट कपाटात जातीन आन् खोली परीक्षेच्या हॉलले जाईन. बाईनं ती खोली मागून मागून मिळवली होती. तिच्या जिवाचा तोच एक घोर.

खोलीत कोणी "बाहुली" म्हटलं का बाई त्या पोट्टीले बाहेर उभं करे. पेशंट म्हणायचं. आन् पेशंटले रोज नवं घर. "आज ही पुलगावची आहे. मालक डेपोत होता, आता घरीच. दोन सुना. मोठी डबा आणते, लहान येत नाई." एका पोट्टीनं विचारलं, "मॅडम, लहान काऊन येत नाई?" बाई म्हणे, "मले काय विचारते, तिले विचार." आन् काचेमागे जाऊन बसली. तिथं माईक होता, आवाज पलंगातून निघे. पोट्टीनं भीत भीत पुतळीले विचारलं तं पुतळी म्हणे, "तिचं नाव नको काढू व माय."

खरं तं त्या पुतळीले कंपनीनं दिलेला आवाज होता, पण इंग्रजी. "आय हॅव पेन" म्हणे ते. बाईनं तो बंदच करून टाकला. म्हणे, आपल्याकडे असं कोण बोलते? आपल्याकडची बाई म्हणते, काई नाई व, जरासं गमत नाई. आन् आत तिचं हृदय बंद पडून राह्यलं असते. ते 'गमत नाई' ज्या पोट्टीले ऐकू येते, ते नर्स.

शिकवणं झालं का कॉलेजातून कागद येत. कसं वाटलं, खुणा करा. साऱ्या पोट्ट्या 'छान'वर खूण करत. मोठी मॅडम खूश. बाई ते कागद वाचतबी नसे. "छान तं जत्रेतबी वाटते," म्हणे.

तिची तपासणी वेगळी. ते वाट पाहे. पोट्ट्या शिकलेलं इसरल्या असतीन असं वाटलं का गाठे. कँटीनमध्ये एक पोट्टी समोसा खाऊन राह्यली होती, बाई समोर जाऊन उभी. "तुह्यासमोर माणूस पडला. श्वास नाई. कर काय करते ते."

"इथं मॅडम?"

"माणूस काय लॅबमध्ये येऊन पडन?"

कँटीनवाल्याचं गव्हाचं पोतं भिंतीशी होतं, ते आडवं केलं, आन् पोट्टीनं समोसा ठेवून त्या पोत्याची छाती दाबली, घामेघूम होईपर्यंत. तेव्हापासून पोट्ट्या एकमेकीले विचारत, "काय व, पोतं वाचलं का?" बाईले ते ठाऊक होतं. तिनंबी एकीले विचारलं होतं.

पण तिची खरी तपासणी वॉर्डात चाले, आन् तिथंच माही तिची गाठ पडली.

मी हिंगणघाटचा. उमर कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर गेली. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यानं माहं साधं बोलणंबी लोकायले भांडण वाटते. आमच्या घरच्या मंडळीले साखरेची बिमारी, पायाची जखम चिघळली, म्हणून तिले त्या कॉलेजच्या दवाखान्यात टाकलं होतं. एक पोट्टी पट्टी बदलवाले आली, पांढरे कपडे, हात थरथर कापून राह्यले. मी म्हटलं, मोठ्या डॉक्टरले बोलवा, हे लेकरू काय करन? तसं मी साधंच म्हटलं. साऱ्या वॉर्डानं माना वळवल्या.

खाली भिंतीशी एक बाई बसली होती. जुनं लुगडं, तोंडाले मास्क, मांडीवर अंबाडीची भाजी, देठं तोडून राह्यली. कोणाची तरी बहीण असन असं वाटलं. ते म्हणे, "बाबाजी, राग येऊन राह्यला का भेव वाटून राह्यलं?"

"भेव? मले?"

"मले असं वाटलं."

"तू तुह्या पेशंटकडे पाह्य न बाई."

"तेच पाहून राह्यली," म्हणे. आन् देठानं त्या पट्टीवाल्या पोट्टीकडे दाखवलं. "ते पहा माहा पेशंट."

बाईची रीतच ती. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरले सांगून ठेवलेलं असे, आन् ही नातेवाईकायच्या बायकात जाऊन बसे. भाजी निवडत असलेल्या बाईकडे दवाखान्यात कोणी पाहत नाई, आन् पोट्ट्यायचं लक्ष तं नातेवाईकायच्या तोंडाकडे जातच नाई, असं तिचं म्हणणं. एकदा एका पोट्टीनं तिले झापलंबी. "ओ मावशी, उठा इथून, डॉक्टरचा राउंड येते." बाई गुपचूप उठली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या पोट्टीले उभं केलं. "तू मले उठवलं, बरोबर केलं. पण मावशीनं उठून कुठं बसावं, हे नाई सांगतलं. अर्धं काम केलं."

आमच्या मंडळीचा पाय बरा झाला. सुटी मिळायच्या दिवशी बाई पलंगाजवळ आली, या खेपेले चांगली साडी, गळ्यात कॉलेजचं कार्ड. मी ओळखलंच नाई. म्हणे, "बाबाजी, आमच्या खोलीत येऊन रागवाल का?"

मी म्हटलं, "मी कायले रागवू उगाच?"

"उगाच नाई. माह्या पोट्ट्या खोलीतल्या पेशंटजवळ हुशार आहेत. सुई बरोबर, पट्टी बरोबर. वॉर्डात गेल्या का हात कापतात. काऊन? खोलीतल्या पेशंटले नातेवाईक नाई. आपल्याकडे एकटा पेशंट कधी पाह्यला का तुम्ही? एक पलंगावर आन् सारं गाव भोवताल."

आमची मंडळी पलंगावरून म्हणे, "घेऊन जा बाई. घरी फुकट वाया जाते यांचा राग."

असा मी पुतळीचा नातेवाईक झालो. कधी तिचा मालक, कधी भाऊ, एकदा व्याही. हिंगणघाटहून एसटीनं जायचं, खोलीत शिरायचं, पोट्टी सलाईन लावाले आली का आवाज चढवायचा. माह्यासारखा आवाज त्या कॉलेजात कोणाचा नव्हता. पहिल्या दिवशी दोन पोट्ट्या रडल्या. एकीनं तं सुई माह्याच दंडाकडे धरली होती. बाई काचेमागून म्हणे, "अजून येऊ द्या बाबाजी, तो आवाज वरच्या मजल्यावर नाई गेला."

मंग एका पोट्टीनं खुर्ची ओढली. "बाबाजी, बसा न जी. पाणी घेता का?" आता मले सांगा, लेकीच्या वयाची पोट्टी बाबाजी म्हणून पाणी विचारून राह्यली, तिच्यावर कोणता माणूस ओरडन? मी बसलो. पाणी पेलो. पोट्टीनं शांतीत सलाईन लावलं, बाईनं बरोबरची खूण केली. दुसरीनंबी तसंच केलं. मंग तिसरी, मंग साऱ्या. सहा महिन्यांत त्या खोलीत मी ओरडायच्या आधीच खुर्ची येऊ लागली. कागदावर साऱ्या पास. मोठी मॅडम येऊन माह्या पाठीवर हात ठेवून गेली. मी म्हटलं, चला, चौथी शिकलेल्या माणसानं कॉलेज पास करवलं.

एकटी बाई खूश नव्हती. भाजी घेऊन ते वॉर्डात जाऊन बसली होती. एका दिवशी मले म्हणे, "उद्या माह्यासोबत वॉर्डात या. मास्क लावून नुसतं बसायचं. तोंड उघडायचं नाई."

बसलो. समोरच्या पलंगावर एक म्हातारी, दम्याची. तिचा पोरगा तणतण करून राह्यला, डॉक्टर कुठं आहे, आमच्याकडे कोणी पाहत नाई, माही आई मरून जाईन. आमच्या खोलीतली पोट्टी आली. मी मनात म्हटलं, आता पहा. पोट्टीनं आल्याबरोबर खुर्ची शोधली. नव्हती तं दुसऱ्या वॉर्डातून आणली. "दादा, बसा न." मंग पाणी आणाले गेली. तेवढ्यात म्हातारीच्या तोंडावरची हवेची नळी घसरून गळ्याशी आली होती. म्हातारी हातानं खुणा करून राह्यली, पोरगा पाणी पिऊन राह्यला, पोट्टी त्याच्याशी गोड बोलून राह्यली. मोठ्या सिस्टरनं धावत येऊन नळी बसवली. म्हातारीले काही झालं नाई. पण बाईची भाजी तशीच मांडीवर राह्यली.

बाहेर येऊन मी म्हटलं, "एखाद्या पोट्टीचं होते असं."

"मी दोन आठवडे बसून राह्यली बाबाजी. साऱ्यायचं होते." मंग म्हणे, "त्या पेशंट सांभाळाले नाई शिकल्या. तुम्हाले सांभाळाले शिकल्या. खोलीत माणूस एकच, त्याची चावी एकच, ते त्यायले सापडली."

मले ते आवडलं नाई. आजबी आवडत नाई. घाबरलेल्या माणसाले पाणी विचारणं काई वाईट नाई, आन् ज्याले वाईट वाटते त्यानं कधी दवाखान्यात आपलं माणूस ठेवलं नसन. मी तसं बोललोबी. बाई म्हणे, "पाणी वाईट नाई. आधी पाणी, ते वाईट."

आठवड्याभरानं तपासणीची सभा होती. बाहेरगावचे एक सर येणार होते, असल्या खोल्यायचा काही फायदा होते का नाई हेच पाहणारे. त्यायच्या शब्दावर खोली राहणार का जाणार. एसटी स्टँडवर मी बाईले म्हटलं, "वॉर्डातलं सभेत नका काढू. कागदावर साऱ्या पास आहेत. खोली वाचवा आधी, मंग पोट्ट्यायले जे शिकवायचं ते शिकवा."

"मंग कधी?"

"पुढच्या वर्षी."

"आन् या वर्षीच्या पोट्ट्या? त्या तं जाऊन राह्यल्या नोकरीले. त्यायच्या पलंगावर कोण असन बाबाजी, तुम्ही असान का मी?"

"तुमची खोली जाईन न बाई."

"जाईन तं जाईन," म्हणे. पण हातातलं तिकीट तिनं इतकं मुरडलं होतं का कंडक्टरले ते उलगडून पाहावं लागलं.

सभेत मले मागच्या बाकावर बसवलं होतं. कोणी विचारलं तं आवाज काढून दाखवायचा, म्हणून. मोठ्या मॅडमनं पडद्यावर चित्र दाखवलं, शिकायच्या आधीचे मार्क बुटके, नंतरचे उंच. बाहेरचे सर मान हलवून राह्यले. मंग बाई उभी राह्यली. सभेत ते शुद्ध बोले.

"हे मार्क खरे आहेत सर. पण परीक्षा आम्हीच काढली आणि आम्हीच घेतली, त्याच खोलीत. वॉर्डात जाऊन पाहिलं तर आमच्या मुली आधी नातेवाईकाला खुर्ची देतात आणि पेशंट मागे राहतो. कारण आमच्याकडे नातेवाईक एकच होता, ते बाबाजी तिथे बसले आहेत, आणि ते खुर्ची दिली की विरघळतात. मुली त्यांना विरघळवायला शिकल्या."

सारी सभा मागं वळली. काही जण हासले. मोठी मॅडम म्हणाली, "तुम्हाला वॉर्डात जाऊन बसायला सांगितलं कोणी होतं?"

"कोणी नाही मॅडम."

"मग?"

"पलंग वॉर्डात आहेत," बाई म्हणे.

मी तेवढ्यात उठलो, दुपट्टा खांद्यावर टाकला आन् सभेतून निघालो. हिंगणघाटची एसटी लागलीच होती.

पुढं काय झालं ते मले दुसऱ्यायकडून कळलं. बाहेरचे सर म्हणे, अजून एक बॅच द्या या बाईले, पण मार्क खोलीतले नाई धरायचे, ते जसं वॉर्डात बसून पाहते तसं पाहून धरायचे. तरीबी नाई जमलं तं खोली काढून घ्या. मोठी मॅडम बाईशी पुढं किती दिवस बोलली नाई.

मी जाणं बंद केलं. मंडळी म्हणे, "जात नाई काऊन?"

"तब्येत नाई."

"तब्येत चांगली आहे. नाक सुजलं आहे."

एका रविवारी बाई दारात उभी. उन्हात चालून आली होती, कपाळ घामानं ओलं. मंडळीनं पाणी दिलं, चटई टाकली. मी वर्तमानपत्र वाचून राह्यलो. मले अक्षर लागते, सावकाश.

"बाबाजी, सोमवारपासून नवी बॅच आहे."

"दुसरा माणूस पहा. भर सभेत मले खाली पाडलं तुम्ही."

"तुम्हाले नाई पाडलं, माह्या कामाले पाडलं."

"बोट तं माह्याकडे केलं."

"केलं," म्हणे. "तुम्ही चांगलं करता म्हणून. वाईट केलं असतं तं पोट्ट्या काईच शिकल्या नसत्या, ना बरोबर ना चूक. तुमच्याकडून जे शिकल्या ते पक्कं शिकल्या. म्हणून तं मले भेव वाटलं."

मी पान पलटलं. मंग म्हटलं, "कोणी लेकरू बाबाजी म्हणून पाणी विचारन तं मी पिघळीनच. ते माह्या हातात नाई."

मंडळी आतून म्हणे, "माह्यासमोर जल्मात पिघळले नाई."

बाई हासली. चार मैल ऐकू जाईन असं हासणं होतं तिचं, तिले शोभे नाई, पण होतं. म्हणे, "मंग ओरडूच नका. नुसते उभे राहा. एक शब्द नाई, चेहऱ्यावर काई नाई. कोणी खुर्ची दिली तं बसायचं नाई, पाणी दिलं तं घ्यायचं नाई. त्यायले चावीच सापडू द्यायची नाई."

"नुसतं उभं राहाले माणूस कायले पाहिजे? खांब उभा करा."

"खांबाची माय पलंगावर नसते," बाई म्हणे.

मी सोमवारी गेलो. तिच्यासाठी गेलो असं नाई, घरी बसून मंडळीचं ऐकण्यापेक्षा बरं म्हणून गेलो. आन् सांगतो, ओरडणं सोपं आहे. उमरभर आवाजावर काम केलं होतं मी. त्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी उभं राहणं, पोट्टी पुतळीच्या छातीले कानाची नळी लावून ऐकून राह्यली, आन् आपण नुसतं पाहायचं, हे माह्यानं होत नव्हतं. पाय दुखत. पोट्ट्या गोंधळून जात. एक म्हणे, "बाबाजी, काईतरी बोला न." दुसरी खुर्ची आणून माह्या गुडघ्याले लावी, मी सरकून उभा राही. एक तं रुसलीच, म्हणे मागच्या बॅचले बाबाजी बोलत होते, आमच्याशीच वैर. बाई काचेमागं. या वर्षी तिनं कोणत्याच पोट्टीले बरोबरची खूण केली नाई. चहा पेताना मी विचारलं, काऊन नाई? म्हणे, "खूण केली का ते पाठ करतात."

खोली गेली नाई, हे आता सांगून टाकतो. आजबी आहे, दुसऱ्या मॅडम चालवतात. बाई रिटायर होऊन आष्टीकडे आपल्या गावी राहते, कुठल्यातरी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर जाऊन बसत असते असं ऐकतो. पण मी सांगून राह्यलो त्या दिवशी खोलीचं काई ठरलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोघंबी तोंडाले मास्क लावून वॉर्डात भिंतीशी बसलो होतो. नवी बॅच पहिल्यांदाच वॉर्डात आली होती. एका पलंगावर एक पेशंट आणली, श्वास लागलेली. सोबत घरचे सहासात. मोठा पोरगा दारातूनच सुरू. असा आवाज मीबी काढला नसन. तुम्ही लोकं मारून टाकसान, आम्ही नागपूरले नेतो, कुठं आहे तुमचा डॉक्टर. आमच्या खोलीतली एक पोट्टी आली, बारकी, सावळी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. मी बाईकडे पाह्यलं. बाईनं माह्याकडे पाह्यलं नाई.

पोट्टीनं आल्याबरोबर पलंगाचा वरचा भाग उचलला, हवेची नळी बसवली, एका हातात सलाईन लावलं, दुसरं मनगट धरलं. पोरगा तिच्या कानाशी येऊन ओरडून राह्यला. तिनं मान वळवली नाई. मनगट सोडलं नाई. म्हणे, "दादा, असे इकडून या. हा आईचा हात धरा. सलाईनचा आहे, हलला नाई पाहिजे. हलला का मले सांगा."

पोरगा थांबला. मंग पलंगाच्या पलीकडून गेला आन् आईचा हात दोन्ही हातायनं धरून उभा राह्यला, जसं कोणी भरलेली परात धरते. आवाज बंद. एकदा म्हणे, "ताई, हलला जरासा." पोट्टी म्हणे, "पाह्यलं. ठीक आहे. धरून ठेवा." तिकडून डॉक्टर आले, औषध गेलं, पेशंटचा श्वास खाली बसला.

मी बाईच्या कानात म्हटलं, "हे तुम्ही शिकवलं?"

"नाई."

"मीबी नाई शिकवलं."

"माहीत आहे," म्हणे. आन् तिचा चेहरा पडला. "मंग हे आपल्या खोलीचं नाई. मार्कात धरता येत नाई."

"धरा न बाई. पोट्टी आपल्या खोलीतली आहे का नाई?"

"खोलीतली आहे. शिकली कुठं ते कोणाले ठाऊक?"

पोट्टी मोकळी झाली तसं बाई उठली आन् तिले व्हरांड्यात बोलावलं. मीबी मागं गेलो. दोघायनं मास्क काढले. पोट्टी घाबरली.

"त्या दादाले हात धराले काऊन सांगतलं? कोणी शिकवलं तुले?"

"कोणी नाई मॅडम. चुकलं का?"

"मी विचारलं ते सांग."

पोट्टीनं माह्याकडे पाह्यलं, मंग खाली. "बाबाजी उभे राहत न मॅडम, आपल्या खोलीत. बोलत नसत. पण त्यायचे हात... कधी दुपट्टा पिळत, कधी पलंगाची दांडी धरत, सोडत, खिशात घालत, पुन्हा काढत. मी रोज पाहे. मले वाटे, यांच्या हाताले कोणी काई काम काऊन देत नाई?"

मी माहे हात पाह्यले. मले माहीतबी नव्हतं का मी असं काई करतो. ते मी दाखवाले केलं नव्हतं. बाईनं एक शब्द सांगतला नव्हता त्याचा, उलट म्हणे नुसते उभे राहा.

बाईनं पोट्टीले विचारलं, "हे तू दुसऱ्या कोणाले सांगतलं?"

"नाई मॅडम."

"सांगू नको. एकीलेबी नाई. जा."

पोट्टी गेली. मले इतकं बरं वाटून राह्यलं होतं का मी दुपट्टा झटकला आन् म्हटलं, "चला बाई. जिंकलो आपण. आज चहा माह्याकडून."

बाईनं पुन्हा मास्क चढवला. "तुमचं जिंकणं भल्लं लवकर होते, बाबाजी. एका पोट्टीनं काई होत नाई. ते घरूनच शहाणी असन. बाकीच्या काय करतात ते पाहू द्या."

"किती वेळ?"

"त्या येत राहतीन तोवर."

मी म्हटलं, घरी मंडळी जेवाची वाट पाहून राह्यली असन. म्हणे, "मंग जा न." आन् ते आत जाऊन भिंतीशी बसली, गुडघे पोटाशी घेऊन, कोणाची तरी बहीण असल्यासारखी. डोळे दाराकडे. तिथून दुसरी पोट्टी ट्रे घेऊन येऊन राह्यली होती, आन् तिच्या मागून मागून एक माणूस भांडत.

मी तिच्या बाजूले बसलो.